‘केळं खा, डिप्रेशन घालवा’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

तुमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येऊन गेला असेलच. पिवळ्याधमक केळ्याचा फोटो, शेजारी डार्क चॉकलेट, चार बदाम, आणि खाली ठळक अक्षरात: शरीरातलं ९५ टक्के ‘हॅपी हॉर्मोन’ आतड्यात तयार होतं, मग डोक्याच्या गोळ्या कशाला? पोट सांभाळा, मन आपोआप सांभाळलं जाईल. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘सर्व ग्रुपवर पाठवा’.

पाठवणारे काका-मामा वाईट नसतात. पण त्या मेसेजचं पुढे काय होतं ते मी ओपीडीत बघते. आठ महिने गोळ्यांवर छान स्थिर असलेला माणूस एका रविवारी ठरवतो की आता फक्त आहार. गोळ्या एकदम बंद. पहिल्या काही दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटणं, कारण या गोळ्या हळूहळू कमी करत बंद करायच्या असतात. मग काही आठवड्यांनी पहाटे तीनला जाग येऊ लागते, कामावर जावंसं वाटत नाही, आणि आजार परत दारात उभा. असा माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य काय असतं ठाऊक आहे? “मॅडम, मी डाएट नीट पाळलं नाही, म्हणून झालं.” आजार परत आला तो आलाच, वर त्याचा दोषही याने स्वतःच्या डोक्यावर घेतला. मला राग येतो तो याचा.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. खाण्याचा मनावर परिणाम होतो. चांगलाच होतो. माझं भांडण दोन प्रकारच्या लोकांशी आहे. एक, जे अन्नाला औषधाच्या खुर्चीत नेऊन बसवतात. आणि दुसरे, जे पेशंटच्या ताटात खरोखर काय कमी आहे हे विचारतसुद्धा नाहीत. दुसऱ्या गटात माझे बरेच डॉक्टर मित्रही येतात, त्यांनी रागावू नये.

आतड्यातल्या ९५ टक्क्यांचं काय?

आकडा खोटा नाही. शरीरातलं सेरोटोनिन साधारण ९० ते ९५ टक्के आतड्यातच असतं. पण तिथे त्याचं काम वेगळं आहे. ते आतड्याची हालचाल सांभाळतं. त्यातलं काही रक्तातल्या प्लेटलेट्स उचलतात आणि जखम झाली की रक्त थांबवायला वापरतात. हे सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो, तो त्याला आत सोडत नाही. मेंदू स्वतःला लागणारं सेरोटोनिन स्वतःच बनवतो. कोकणात कितीही धो धो पडला तरी माणदेशातली विहीर भरत नाही, मध्ये सह्याद्री उभा आहे. तसंच हे.

मग पुढचा मुद्दा येतो ट्रिप्टोफॅनचा. हे अमिनो आम्ल मेंदूत जातं आणि त्यापासून सेरोटोनिन बनतं, हे खरं. पण ज्या दारातून ते आत जातं, त्याच दारापाशी इतर अमिनो आम्लांचीही गर्दी असते, आणि डाळ, दूध, अंडं, मटण अशा प्रथिनांच्या पदार्थांत ती बाकीची मंडळीच संख्येने जास्त असतात. त्यामुळे अमुक एक पदार्थ खाल्ला की मेंदूतलं सेरोटोनिन वाढलं, असं सरळ गणित मांडता येत नाही. केळ्यात तर ट्रिप्टोफॅन फारसं नसतंच. केळं उत्तम फळ आहे. स्वस्त आहे, पोट भरतं, धुवावंही लागत नाही. पण त्या बिचाऱ्यावर एवढी जबाबदारी टाकू नका.

अभ्यास खरोखर काय सांगतात

आहार आणि डिप्रेशन यावर सर्वात जास्त बोलला जाणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातला. फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१७ साली प्रसिद्ध झालेला, ‘स्माइल्स’ नावाचा. मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेले आणि खाण्याची आबाळ असलेले ६७ लोक त्यांनी घेतले. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने १२ आठवडे मार्गदर्शन केलं: भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, सुकामेवा वाढवा, गोड पेयं, तळलेलं, पाकीटबंद कमी करा. उरलेल्यांना तितक्याच वेळा नुसती गप्पांची सोबत दिली. शेवटी आहाराच्या गटात जवळपास एक तृतीयांश लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते. गप्पांच्या गटात ८ टक्के.

फरक मोठा आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण रील बनवणारे यातली दोन वाक्यं गाळतात. यातले बहुतेक लोक आधीपासून गोळ्या किंवा समुपदेशन घेत होते आणि ते बंद केलेलं नव्हतं. म्हणजे आहार उपचारांच्या जोडीला होता. आणि ६७ ही संख्या फार लहान आहे, शिवाय आपण कुठल्या गटात आहोत हे प्रत्येकाला माहीत होतं. ‘मला काहीतरी चांगलं मिळतंय’ या भावनेनेही माणूस थोडा सावरतो.

सप्लिमेंटच्या डब्यांबद्दल तर चित्र आणखी स्पष्ट आहे. युरोपातल्या चार देशांत वजन जास्त असलेल्या आणि थोडी उदासी असलेल्या हजारावर लोकांना वर्षभर ओमेगा-३, फॉलिक अ‍ॅसिड, सेलेनियम, ड जीवनसत्त्व असं सगळं एकत्र देऊन पाहिलं. डिप्रेशन टळण्याच्या बाबतीत बिनऔषधाच्या गोळीपेक्षा काही फायदा दिसला नाही. तो निष्कर्ष २०१९ चा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतला अभ्यास आला. पन्नाशीच्या पुढचे १८ हजारांहून अधिक लोक, पाच वर्षं रोज ड जीवनसत्त्व. डिप्रेशनचं प्रमाण तेवढंच. हे दोन्ही अभ्यास डिप्रेशन होऊ नये यासाठीचे होते, ते झालेलं बरं करण्याचे नव्हते, हेही सांगायला हवं. पण ‘मूड बूस्टर’ असं छापलेला दीड हजारांचा डबा घेण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं. अंगात कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. कमतरता नसताना भरलेल्या घागरीत पाणी ओतून काय मिळणार?

आणि एक गोष्ट घरचे लोक नेहमी उलटी वाचतात. “नीट जेवत नाही, म्हणून असा झालाय.” अहो, डिप्रेशनमध्ये भूकच जाते. काहींची उलट वाढते, आणि वाढते ती गोड आणि तळलेल्याची. स्वयंपाकघरापर्यंत चालत जाण्याचं बळ राहत नाही, मग बिस्किटाचा पुडा संपतो. ही आजाराची लक्षणं आहेत. ताप आलेल्या माणसाला ‘तू अंग गरम करून घेतलंस’ असं आपण म्हणतो का?

उपाशी मन

मूड आणि अन्नाचं नातं बघायचं असेल तर सुपरफूडकडे बघण्याआधी भुकेकडे बघा. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वतःहून आले होते. त्यांना सुमारे सहा महिने गरजेच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिलं. वजनं उतरली ते अपेक्षितच होतं. पण हे शांत, मनमिळाऊ तरुण चिडचिडे झाले, उदास झाले, मित्रांना टाळू लागले, दिवसभर फक्त अन्नाचाच विचार करू लागले. काहींची मनःस्थिती फारच बिघडली. त्यांना आधी कुठलाही मानसिक आजार नव्हता.

ही गोष्ट मी लग्नाआधी दहा किलो कमी करायला निघालेल्या मुलींना सांगते. काकडी आणि ग्रीन टीवर तीन आठवडे काढलेल्या मुलीला “तुझा स्वभाव अलीकडे फार तापट झालाय” असं आई म्हणते, तेव्हा त्यात स्वभावाचा भाग किती आणि भुकेचा किती, हे आधी तपासा.

पण भूक नेहमी ठरवून केलेल्या डाएटची नसते.

कपाळावर आठ्या, डोळ्यात पाणी, “काही करावंसं वाटत नाही, मुलांवर ओरडते आणि मग रडत बसते” असं सांगणारी चाळिशीची बाई. अशा अनेकजणी येतात, म्हणून कुणा एकीची गोष्ट सांगत नाही. मी विचारते, काल काय खाल्लं? उत्तर बहुतेक वेळा असं सुरू होतं: “ह्यांना डब्यात पोळी-भाजी दिली, मुलांना पोहे केले, सासूबाईंना दहाला वरण-भात लागतो...” मी म्हणते, तुम्ही काय खाल्लं? मग जरा थांबून: सकाळी दोन चहा, त्याबरोबर एक खारी. दुपारी अडीचला कालची पोळी आणि चटणी. संध्याकाळी चहा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरलं असेल ते. भाजी संपलेली असते, आमटीचं पाणी उरतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्याही खाली. आणि शेजारी बसलेले यजमान म्हणतात, “मॅडम, ही डाएट अजिबात पाळत नाही, तुम्हीच समजावा.”

इथे माझा तोल जातो. हिला ‘मूड फूड’ची यादी देऊ का? अक्रोड, ब्लूबेरी, अ‍ॅव्होकाडो? हिच्या घरात कुणी शेवटी जेवायचं, हे ठरलेलं आहे. हिच्या ताटात पहिली वाढलेली भाजी कधी आली?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. लोह कमी असलं की थकवा येतो, लक्ष लागत नाही, चिडचिड होते, जिना चढताना छातीत धडधडतं. ही धडधड आणि हा थकवा कित्येक वेळा ‘टेन्शन’ म्हणून खपून जातो. उलटही होतं: रक्तक्षय सापडला की डिप्रेशनकडे कुणी बघतच नाही. दोन्ही एकत्र असू शकतात आणि दोन्हींवर उपचार करावे लागतात. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. जेवणानंतर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. जेवताना लिंबू पिळा. पाळीत रक्तस्राव फार होत असेल तर तो नुसता पालक-बीट खाऊन भरून निघणार नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

बी-१२ ची गोष्ट वेगळी, कारण ती श्रीमंत घरांतही आहे. पुण्यात केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे दोन तृतीयांश लोकांमध्ये बी-१२ कमी निघालं, आणि सर्वात वाईट परिस्थिती होती शहरी मध्यमवर्गाची. ज्यांच्या घरी फ्रीज भरलेला असतो त्यांची!

बी-१२ नैसर्गिकरीत्या मिळतं ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातच: दूध, दही, अंडी, मासे, मटण. भाज्या कितीही हिरव्या असल्या तरी त्यात ते नसतं. चहात घातलेलं दोन चमचे दूध हिशेबात धरू नका. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होऊन झोंबते, विसरायला होतं, आणि काहींना खरंखुरं डिप्रेशन येतं, क्वचित त्याहून गंभीर मानसिक लक्षणंही दिसतात. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे आबाळ आज सुरू झाली तरी परिणाम फार उशिरा दिसतो आणि दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. डायबिटीससाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी घेणारे यांनी विशेष लक्ष द्यावं, दोन्हींमुळे बी-१२ कमी होऊ शकतं. उदासीची तक्रार घेऊन आलेल्या शाकाहारी माणसाची बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड न तपासता त्याला फक्त ‘सकारात्मक राहा’ सांगून परत पाठवणं मला पटत नाही. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नसेल तर तुम्ही विचारा.

सात्त्विक, तामसिक वगैरे

“कांदा-लसूण बंद केलं की मन शांत होतं.” ज्यांना व्रत म्हणून सोडायचं आहे त्यांनी जरूर सोडावं, चातुर्मास पाळावा, आधी कांदेनवमीला भजीही खावी. माझी हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. अन्नावर सात्त्विक-तामसिक अशी चिठ्ठी लावली की ती हळूच खाणाऱ्याच्या कपाळावर येऊन चिकटते. मग मासे खाणारी कोळीण तामसिक, अंडं खाणारा मुलगा तामसिक, आणि डिप्रेशन आलं ते त्याच्या खाण्याचं फळ! गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, पण त्या श्लोकांत कांदा-लसणाचं नावही नाही, हे सहज म्हणून नोंदवते. आणि पेशंट म्हणून बघाल तर बी-१२ साठी ज्याने अंडं खाल्लं, त्याने स्वतःच्या मेंदूची काळजीच घेतली आहे.

याच घरांत एक विषय मात्र कधीच निघत नाही. दारू. बायको साखर खाते म्हणून तिचं मन अस्थिर, पण रोज रात्री दोन पेग घेणाऱ्या नवऱ्याच्या उदासीचं कारण ‘ऑफिसचं टेन्शन’. दारू मेंदूला मंद करते. पहिल्या तासात बरं वाटतं, मग झोप तुटक होते, सकाळी बेचैनी येते, आणि ती घालवायला संध्याकाळी पुन्हा ग्लास. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असूनही गुण येत नाही अशा पुरुषाला मी आधी हाच प्रश्न विचारते, तोही बायकोला बाहेर बसवून, नाहीतर खरा आकडा कळत नाही. आहाराबद्दल इतकं बोलणाऱ्या रीलवाल्यांनी याबद्दल चार शब्द बोलावेत. बोलत नाहीत, कारण त्यातून विकायला काही निघत नाही.

चहा-कॉफीचंही थोडक्यात: कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकराला अर्धा शरीरात असतो. छातीत धडधड आणि घाबरल्यासारखं होणाऱ्यांनी आधी दिवसाचे कप मोजावेत.

उपवास करणाऱ्यांसाठी, गोळ्या चालू असतील तर

हे नीट वाचा, कारण इथे जिवाशी गाठ असू शकते. बायपोलर आजारासाठी अनेकांना लिथियम दिलं जातं. लिथियमचं रक्तातलं प्रमाण पाणी आणि मिठावर अवलंबून असतं. निर्जळी उपवास, नवरात्रात नऊ दिवस मीठ सोडणं, उन्हात वारीला चालताना पाणी कमी पडणं, जुलाब होणं, यापैकी काहीही झालं तर लिथियम शरीरात साठून विषबाधा होऊ शकते. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, बोलणं अडखळणं, असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. कुणी ‘मीठ बंद करा, मन शांत होईल’ म्हणाला, तर लिथियम घेणाऱ्याने हा सल्ला अजिबात ऐकू नये. ल्युरासिडोन नावाची गोळी चालू असेल तर ती पोटभर जेवणाबरोबरच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, श्रद्धा न मोडता मार्ग निघतो. आणि उपवास म्हणजे दिवसभर चहा आणि रात्री साबुदाण्याची खिचडी असेल, तर त्यात पिष्ट सोडून फारसं काही नाही. दही, दूध, शेंगदाणे, राजगिरा, फळं घ्या.

मग खायचं काय, असं विचाराल. तीन वेळा, साधारण ठरलेल्या वेळी, बसून. भाकरी किंवा पोळी, उसळ किंवा आमटी, एक भाजी, ताक-दही, चालत असेल तर अंडं किंवा बांगडा, हाताशी असेल ते फळ. बस. ऑस्ट्रेलियातल्या त्या आहारात जे होतं त्यातलं बरंचसं यात येतं, आणि ऑलिव्ह तेल आणायला कर्ज काढावं लागत नाही. ज्या घरात एखादं माणूस डिप्रेशनमध्ये आहे, तिथे त्याला ‘हे खा, ते खाऊ नको’ म्हणण्याऐवजी ताट वाढून आणा आणि शेजारी बसून जेवा. तो अर्धीच भाकरी खाईल. खाऊ द्या. घरातली बाई आजारी असेल तर हे ताट कोण वाढणार, ते आजच ठरवा.

गोळी बंद करावीशी वाटली तर ज्यांनी सुरू केली त्यांना विचारून करा. पुढच्या वेळी येताना मागच्या तीन दिवसांत काय, किती वाजता खाल्लं ते कागदावर लिहून आणा, चहा आणि दारूसकट. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं.